स्लो सायकल

चांगदेवची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्ही दोघंही रस्त्यावर पडलेलो होतो आणि आमच्या मधून चाळीस लिटर दूध ओढ्याकडे निघालं होतं.

त्र्याहत्तर सालचा डिसेंबर नुकताच लागला होता. निमोण्याहून इनामगावकडे जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना छातीएवढा शाळू, आणि मध्ये एक आंधळं वळण. मी निमोण्याच्या उपकेंद्रात नर्स होते. वय बावीस, गाव दौंड, वडील रेल्वेत फिटर. पुढच्या वस्तीवरच्या साखरबाईला पहाटेपासून कळा लागल्यात असा निरोप आला, म्हणून कॅरिअरला पेटी बांधून निघाले होते. समोरून हा आला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले, अंगात विटका स्वेटर, आणि चुकीच्या बाजूनं. घंटी मी वाजवली होती. त्यानं वाजवली नव्हती.

उठल्यावर मी आधी पेटी उघडून पाहिली. कात्री, धागा, औषधं सगळं शाबूत होतं. मग सायकल पाहिली. पुढच्या चाकाचा पार आठ झाला होता.

तो सांडलेल्या दुधाकडे बघत उभा होता. म्हणाला, "चार वस्त्यांचं दूध होतं, बाई."

मी म्हणाले, "पुढं एक बाई अडलीय. तिचं काही झालं तर तेही तुमच्याच डोक्यावर." आणि त्याच्या सायकलीचे कॅन काढून खाली ठेवले, पेटी बांधली, साडीचा काष्टा मारला.

"ही जेन्स सायकल हाय," तो म्हणाला.

दौंडच्या रेल्वे चाळीत मी सायकल शिकले ती वडिलांच्याच, आबांच्या सायकलीवर. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवरून. लेडीज सायकल मला नोकरी लागल्यावर दिसली. मी निघाले. मागे वळून बघायला वेळ नव्हता, आणि मला बघायचंही नव्हतं.

साखरबाईला मुलगी झाली. सुखरूप झाली. मी हात धुऊन ओसरीवर वहीत नोंद करत होते, तेव्हा तो माझी वाकडी सायकल खांद्यावर घेऊन सात किलोमीटर चालत आला. घाम निथळत होता. मला वाटलं, आता माफी मागेल. तो माझ्या वहीत वाकून बघायला लागला.

"तुम्ही तिथनं निघाला सव्वाआठला. मी घड्याळ बघितलं व्हतं. हितं पोचल्याची वेळ लिवलीय आठ पस्तीस." जरा थांबून म्हणाला, "मला रिकाम्या सायकलीवर बावीस मिनिटं लागत्यात."

इतका राग आला मला. बाई बाळंत झाली का, मुलगी कशी आहे, तुम्हाला कुठं लागलं का... काही नाही. या माणसानं माझा टाइम काढला होता. त्याची सायकल त्याच्याकडे ढकलली आणि सांगितलं, माझी सायकल तीन दिवसांत दुरुस्त होऊन आली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी आली. चाकात नव्या तारा, ब्रेकला नवे रबर. आणि सीट दोन बोटं वर. न विचारता. मी त्याला दारातच धरलं, की सीटला हात कुणी लावायला सांगितला होता? तो म्हणाला, गुडघे दुखत असतील तुमचे, खाली सीटवर पाय पुरा सुटत नाही. मी म्हणाले, गुडघे माझे आहेत.

गुडघे दुखायचे थांबले. त्याचा जास्त राग आला.

मग सकाळी रस्त्यावर तो भेटायला लागला. तो दूध घेऊन शिरूरच्या डेअरीकडे, मी वस्त्या करायला. माझी वाट मध्येच फुटायची, पण तोवर चार-पाच किलोमीटर बरोबरीनं जायचे. थंडीत शाळूच्या पानांवरचं दव उडायचं. पाखरं राखणाऱ्या पोरी माळ्यावरून आमच्याकडे बघून हसायच्या, तेव्हा मी पुढे निघून जायची. तो कॅन भरलेले असूनही गाठायचा. तो बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते सायकलीचंच.

"वारा समोरचा हाय. माझ्या मागं धरा, तुम्हाला लागायचा न्हाई."

"मला लागू दे."

"दमाल."

"मग दमू दे. तुमचं काय जातंय?"

"माझं..." तो हँडलकडे बघत हसला. "जातंय थोडं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या दिवशी वहीत मी एकाच बाळाचं वजन दोनदा लिहिलं.

शिरूरच्या तरुण मंडळाची दरवर्षी सव्वीस जानेवारीला सायकल शर्यत असायची, शिरूर ते न्हावरे आणि परत. आदल्या वर्षी दुष्काळामुळे झाली नव्हती. त्याच्या आधी दोन वेळा चांगदेव दुसरा आला होता. यंदा पहिला यायचं त्यानं मनात घेतलं होतं. रोज चाळीस लिटर घेऊन चालवणाऱ्याला रिकामी सायकल म्हणजे पीस, असं तो सांगायचा. एके दिवशी सहज म्हणाला, तुम्ही बी शर्यतीत उतरा की.

मी त्याच्याकडे नीट बघितलं. चेष्टा नव्हती. त्याच्या डोळ्यांत ते वहीतले आकडे होते. त्याला खरंच वाटत होतं.

मी महिनाभर तयारी केली. पहाटे उठून, पेटीत दगड भरून. दौंडहून आईचं नऊवारी लुगडं मागवून घेतलं, कारण सायकलीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

जानेवारीच्या मध्यावर मी फॉर्म घेऊन मंडळात गेले. अध्यक्ष बापूसाहेब. मोठे बागायतदार, पंचायत समितीत वजन, बोलणं गोड. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. फॉर्म वाचला आणि परत माझ्यासमोर सरकवला.

"बाई, महिलांसाठी ठेवलीय की आम्ही. स्लो सायकल. चावडीपुढं, वीस पावलं. पाय न टेकता सगळ्यात शेवट जी पोचंल तिचा नंबर. स्टीलचा डबा हाय बक्षीस."

मी म्हणाले, मला न्हावऱ्यापर्यंत जायचंय.

ते हसले. मंडळातले चार-पाच जण हसले. चांगदेव दाराशीच उभा होता, त्याचा फॉर्म घेऊन. मी त्याच्याकडे बघितलं. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

त्या हसण्यापेक्षा मला ती फरशी जास्त लागली.

"न्हावऱ्याच्या रस्त्याची खडी दुष्काळात कुणी फोडली?" मी विचारलं. "निम्म्याच्या वर बाया होत्या. साखरबाई होती, पोटुशी. तिथं मी औषधं वाटायला जायचे. तेव्हा स्लो चालत नव्हतं बापूसाहेब. स्लो झालं की मुकादम हजेरी कापायचा."

कुणी हसलं नाही. बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "खडी फोडणं येगळं, बाई. च्या घ्या."

चहा तसाच ठेवून मी उठले. जाताना विचारलं, रस्त्यावरनं जायला तर मंडळाचा फॉर्म लागत नाही ना? रस्ता सरकारी आहे, एवढंच ते म्हणाले.

चांगदेव मागून धावत आला. म्हणाला, मी काय बोलणार होतो तिथं, ते मोठे लोक. मी म्हणाले, काही नाही, तुम्ही फरशी बघा. दहा दिवस मी वेगळ्या वाटेनं वस्त्या केल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर पंधरा जण ओळीनं उभे राहिले, पाठीवर कापडाचे नंबर. मी ओळीच्या कडेला, रस्त्यावर, बिननंबरची. काही पोरं शिट्या मारत होती. एक म्हातारी मात्र जवळ आली, माझ्या कासोट्याचं टोक तिनं घट्ट खोवलं आणि गर्दीत गेली.

शिट्टी झाली. मी पॅडलवर उभीच राहिले.

पहिले पाच किलोमीटर फक्त धूळ. मग एकेक जण मागे पडायला लागला. काहीजण मला बघून जोर करायचे, बाईच्या मागे कसं राहायचं म्हणून, आणि तो जोर चढापर्यंत पुरायचा नाही. मी कुणाच्या मागे वारा चुकवत बसले नाही. वारा माझ्या तोंडावर येत होता आणि मी मनात एकेक घेत होते — फरशी, चहा, स्टीलचा डबा. रागावर सायकल चालते. कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन.

न्हावऱ्याला पिंप ठेवलं होतं. त्याला वळसा घालायचा आणि तिथला माणूस मनगटावर शिक्का मारायचा. मी मनगट पुढे केलं. त्यानं शिक्का मागे घेतला. बिचारा नजर चुकवत होता. मी वळसा घालून निघाले. माझ्यापुढे तेव्हा चौघं होते.

परतीला उन्हं चढली. शिरूर चार किलोमीटरवर असताना दोघं राहिले, मग एकाच्या सायकलची चेन पडली, आणि पुढे फक्त चांगदेव. त्याची पाठ मला पाठ होती. रोज सकाळी बघत होते. आज त्या पाठीवर सात नंबर होता आणि शर्ट घामानं चिकटला होता. मी हळूहळू जवळ जात होते. तो खरा चालवत होता, मला दिसत होतं. डोकं खाली, खांदे हलतायत. माझी छाती फुटायला आली होती, तोंडात रक्ताची चव आली होती, पण अंतर कमी होत होतं. आठ हात... पाच हात...

शेवटची दोनशे पावलं. दोन्ही बाजूंना माणसं. त्यानं मागे वळून पाहिलं. आमची नजरानजर झाली — घामेजलेला, लालबुंद, आणि एकदम मऊ झालेला चेहरा. आणि मग मला तो आवाज आला. फ्रीव्हीलची टरटर. पाय थांबले की मागचं चाक जो आवाज करतं, तो.

त्यानं पॅडल मारायचं सोडलं होतं.

मी त्याच्या बाजूनं पुढे गेले आणि शेवटची दोरी सगळ्यांच्या आधी ओलांडली. कुठून तरी बायकांचा ओरडा झाला. मी थांबले नाही. सायकल वळवली आणि थेट त्याच्यासमोर नेऊन आडवी घातली.

"पाय का थांबवले?"

तो दम खात हसत होता. "तुम्हाला... पहिलं यायचं व्हतं ना."

"बापूसाहेबांनी मला स्लो सायकल दिली," मी म्हणाले. माझा आवाज फाटला होता, पण खाली आला नाही. "तुम्हीपण तीच दिलीत. आणि तुमचं गेलं काय? मला नंबर नाही. कप तुम्हालाच मिळणार. कपपण तुमचा आणि मनाचा मोठेपणापण तुमचाच."

त्याचं हसू गेलं. त्यानं याचा विचारच केला नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. मी रडत नव्हते. डोळ्यांत धूळ गेली होती, आणि धूळ बरीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कप मंडळात नेऊन परत दिला. बापूसाहेबांनी घेतला नाही, तर खिडकीत ठेवून आला. साखरबाईनं मला ते मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी म्हणाले, जिथं तोंड उघडायचं होतं तिथं उघडलं नाही, आता भांडी परत करून काय होतंय? साखरबाई पोरीला पाजत होती. म्हणाली, "नर्सबाई, तुम्ही त्या चांगदेवाला लईच जपून ठेवलंय रागात." मी तिला म्हणाले, तू लोहाच्या गोळ्या वेळेवर घे.

बापूसाहेबांनी काय केलं ते फेब्रुवारीत कळलं. सरकारी नोकर बाई भर रस्त्यात शर्यतीला उतरते, गावच्या लेकीसुनांना चुकीचं वळण लागतं, असा अर्ज वर गेला होता. आमच्या खात्याच्या साहेबांनी चौकशी केली नाही, माझी बदली केली. दौंडच्या बाजूला, नदीपलीकडे. आठ दिवसांत हजर व्हायचं.

त्या अर्जाविरुद्ध दुसरा अर्ज गेला होता, हे मला नंतर समजलं. चांगदेवनं दूध गोळा करता करता वस्ती-वस्तीवर बायकांचे अंगठे घेतले होते. एकशे बारा. पहिली सही त्याची स्वतःची, आणि खाली लिहिलं होतं, बापूसाहेबांनी फॉर्म नाकारला तेव्हा मी तिथे होतो आणि गप्प राहिलो. तो कागद घेऊन तो बापूसाहेबांच्या दारात गेला आणि अंगणात, चार माणसांसमोर वाचून दाखवून मग तालुक्याला दिला. दुसऱ्याच दिवसापासून डेअरीनं त्याच्याकडून दूध घ्यायचं बंद केलं. डेअरीवरही त्यांचीच माणसं होती.

बदली काही थांबली नाही. अर्ज फाईलला लागला, एवढंच.

निघायच्या आदल्या सकाळी तो उपकेंद्रात आला. पहिल्यांदाच त्याच्या सायकलीला कॅन नव्हते. दारात उभा राहून म्हणाला, काय करू सांगा. जे म्हणाल ते.

मी म्हणाले, "वळणापासून शिरूरच्या नाक्यापर्यंत. आत्ता. आणि पाय थांबवलेत तर परत तोंड दाखवू नका."

बघायला कुणी नव्हतं. शाळू काढून झाला होता, रानं मोकळी पडली होती. निघालो, आणि पहिल्या किलोमीटरलाच मला कळलं की हा आज खरा आहे. त्यानं माझ्यासाठी वारा अडवला नाही, वळण दिलं नाही, मागे वळूनही बघितलं नाही. मी एकदा त्याच्या पुढे गेले. त्यानं परत गाठलं. चढावर आम्ही खांद्याला खांदा लावून चढलो, दोघांचे श्वास एकमेकांना ऐकू येत होते. उतारावर तो निसटला. मी जीव काढला. तीन सायकलींच्या अंतरानं हरले.

नाक्याजवळच्या लिंबाखाली सायकली टाकून आम्ही जमिनीवरच बसलो. मला हरल्याचा राग आला होता, पण तो चांगला राग होता, स्वच्छ. पुढच्या वेळी चढाच्या आधी जोर राखून ठेवायचा, असा.

तो म्हणाला, "त्या दिवशी... मी मुद्दाम न्हाई थांबवले पाय. मागं बघितलं, तुम्ही दिसला, आन् पॅडल मारायचं राहूनच गेलं."

"खोटं."

"व्हय. निम्मं खोटं हाय." तो जमिनीवर काडीनं रेघ ओढत होता. "निम्मं खरं हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. गालावर धुळीचा पट्टा, ओठ फुटलेले. मला खूप काही बोलायचं होतं आणि बोलायची सवय मला फक्त एकाच सुरात होती.

"बापूसाहेबांचा राग आला की मी कामाला लागते," मी म्हणाले. "तुमचा राग आला की माझं काम होत नाही. वजनं चुकतात. वाट चुकते. दोन महिने झाले. हे काय आहे ते तुम्ही सांगा, मला सांगता येत नाही."

त्यानं काडी टाकली. सावकाश म्हणाला, "मला बी तेच झालंय. फक्त मला राग येत न्हाई."

लिंबाचा मोहर अजून यायचा होता, तरी कडवट वास येत होता. त्यानं माझा हात धरला नाही. माझ्या तळव्याला हँडलचे फोड आले होते, तेवढे बोटानं हळूच बघितले आणि सोडून दिलं. मी सांगितलं, रविवारी दौंडला या, आबांशी बोला. खरं बोला. त्यांना खोटं लगेच कळतं.

रविवारी तो आला. शिरूरहून दौंडपर्यंत सायकलीवर, धुतलेला सदरा पिशवीत ठेवून, आमच्या चाळीच्या नळावर तोंड धुऊन तो सदरा घालून. दारातूनच त्यानं आबांना जयभीम घातला. आबांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः पेटीवर बसले. मी आत चहा करत होते. पातळ भिंतीमुळे सगळं ऐकू येत होतं.

त्यानं सगळं सांगितलं. दूध सांडल्यापासून फरशीपर्यंत आणि डेअरीपर्यंत. काही लपवलं नाही. आबा फार बोलणारे नव्हते. ऐकून घेतल्यावर विचारलं, डेअरी गेली, आता काय करणार? तो म्हणाला, चार वस्त्यांचं दूध आता थेट शिरूरच्या घरांत घालतोय, सतरा घरं झाली.

आबा म्हणाले, "पोरगी रागीट हाय. झेपंल का तुम्हाला?"

"न्हाई झेपलं तर त्याच सांगतील."

आबा हसले. तोही हसला. आतमध्ये माझा चहा उतू गेला. मी पदर खोचून बाहेर आले आणि दोघांच्या मधे उभी राहिले. म्हणाले, माझ्याबद्दल बोलताय, मी भिंतीपलीकडे आहे, दौंड स्टेशनात उभी नाही. काय विचारायचं ते मला विचारा.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगदेव खुर्चीतून उठून उभा राहिला होता, आणि या वेळी तो खाली बघत नव्हता.

"बरं," आबा म्हणाले. "तुला विचारतो. ह्यांच्याशी लगीन करायचंय का तुला?"

असं सरळ मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून आले होते, आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही. चाळीच्या मागून एक गाडी शंटिंग करत गेली.

"हो," मी म्हणाले. आवाज अजून चढलेलाच होता.